परळ ते बदलापूर : भाडं एकवीस हजारांनी उतरलं, हाती किती राहिलं?

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार जणांच्या एका कुटुंबाचं आहे. पती साकीनाक्याजवळच्या खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये. पत्नी परळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाणारी. पतीच्या आई सत्तरी ओलांडलेल्या, त्यांना मधुमेह आणि गुडघेदुखी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या शंभरात आणल्या आहेत.

मे २०२४ पर्यंत हे कुटुंब परळला वन आरकेमध्ये (एक खोली आणि स्वयंपाकघर) भाड्याने राहत होतं. जागा सव्वातीनशे चौरस फुटांची, भाडं ३०,००० आणि डिपॉझिट दीड लाख. करार संपत आला तसा मालकाने पुढच्या अकरा महिन्यांसाठी ३४,००० मागितले. दोघांचा हातात येणारा पगार मिळून ९०,००० च्या आसपास. चौतीस हजार भाडं भरायचं म्हणजे मुलीच्या नावाने चालू केलेली आरडी बंद करायची, इतकं सरळ होतं.

परळच्या घराच्या काही सोयी त्यांच्या इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की त्यांना किंमत आहे हेच लक्षात येत नव्हतं. पत्नी दहा मिनिटं चालत कामावर जायची. सकाळी साडेसातची ड्युटी, साडेतीनला सुटली की पावणेचारला घरी. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, आजी नातीला चालत आणायच्या. आजींची तपासणी परळच्याच केईएम या महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीत. तिथे रांग लांब, पण पायी जाता येतं आणि खर्च नगण्य. दुपारी आजींना जरा पडायचं असेल तर शेजारच्या काकू मुलीकडे बघायच्या.

प्रश्न नेमका काय होता

त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न होता: बदलापूर मुंबईपेक्षा किती स्वस्त?

सगळे हाच प्रश्न विचारतात आणि त्याचं ठाम उत्तर कुठल्याही सरकारी आकड्यात सापडत नाही. ग्राहक किंमत निर्देशांक सांगतो की एखाद्या ठिकाणचे भाव गेल्या वर्षीच्या तुलनेत किती चढले. परळचा महिना महाग की बदलापूरचा, हे सांगणं त्याचं कामच नाही. बरं, वाणसामानाची यादी घेऊन बसलं तर निम्म्याहून जास्त ओळींत फरक पडत नाही. तेलाच्या पिशवीवर, साबणावर, बिस्किटांच्या पुड्यावर एमआरपी दोन्हीकडे तीच. गॅस सिलिंडर जवळपास त्याच भावात. मोबाईलचं रिचार्ज तेच. पतीला घाटकोपरहून साकीनाक्याला मेट्रोचे २० रुपये जाताना आणि २० येताना लागायचे, ते बदलापूरहून गेलं तरी तेवढेच.

म्हणून अशा तुलनेत पूर्ण घरखर्च दोनदा लिहून काढण्यात अर्थ नसतो. घर बदलल्यामुळे ज्या ओळी हलणार आहेत तेवढ्याच लिहायच्या. त्यांच्या कागदावर अशा दोन ओळी होत्या: भाडं २१,००० ने कमी, दोघांच्या रेल्वे पासांचा खर्च दीड हजाराने जास्त. खाली गोल करून लिहिलं होतं १९,५००.

आकडेमोड बरोबर होती. पण तो घराच्या भाड्याचा हिशेब होता, घरातल्या माणसांचा नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय परळलाच ३४,००० देऊन राहण्याचा. दुसरा, बदलापूर पूर्वेला कात्रपच्या बाजूला टू बीएचके, भाडं १३,०००, डिपॉझिट ४०,०००. आजींना स्वतंत्र खोली मिळेल हे या घराचं मोठं आकर्षण होतं आणि ते रास्तही होतं. सहा वर्षं आजी स्वयंपाकाच्या ओट्यासमोर गादी टाकून झोपत होत्या.

तिसरा पर्याय एजंटने पुढे केला: भाडं कशाला भरता, घेऊनच टाका. शिरगावच्या बाजूला नव्या इमारतीत ४२ लाखांत टू बीएचके. मेट्रो १४ येणार, मग भाव कुठल्या कुठे जातील, हे पालुपद सोबत होतंच. ही मेट्रो विक्रोळी-कांजूर पट्ट्यातून बदलापूरपर्यंत प्रस्तावित आहे. पण प्रस्तावित मेट्रोने उद्या सकाळी कुणी कामावर जात नाही. पतीला मात्र हा पर्याय मनापासून आवडला होता.

चौथा पर्याय मधल्या पट्ट्याचा. कळव्याला वन बीएचके २०,००० च्या आसपास मिळत होतं, डोंबिवलीत त्याहून थोडं कमी. हे पर्याय बोलण्यात आले आणि गेले, कागदावर चढलेच नाहीत. "एवढं लांब जाऊन परत लहानच घर, मग थेट बदलापूरला मोठं का नको?" हा पतीचा युक्तिवाद होता. कळव्याला सकाळच्या लोकलमध्ये चढताच येत नाही, लोक कारशेडमधूनच गाडीत बसून येतात, हेही ऐकलेलं. ते खरं आहे, पण ती अडचण किती वाजताच्या गाडीला लागू होते हे कुणी विचारलं नाही. पत्नीला साडेसहाच्या आधीची गाडी पकडायची होती.

कराचा मुद्दा दोन वाक्यांत संपला. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं की घरभाडे भत्त्यासाठी मुंबईत पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा धरतात, बदलापूरला ४०, म्हणजे कर वाढेल. ती सवलत जुन्या करप्रणालीत मिळते. हे दोघे नव्या प्रणालीत होते आणि दोघांचाही कर शून्य होता.

पहिला निर्णय

मेच्या शेवटच्या आठवड्यात कुटुंब बदलापूरला गेलं. घर विकत न घेता आधी भाड्याने राहून बघायचं, यावर पत्नी अडून बसली. या पूर्ण प्रकरणातला सर्वांत कमाईचा निर्णय हाच ठरला, त्याचं श्रेय तिचं.

घर निवडतानाही एक गोष्ट त्यांनी नीट केली. पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूची काही घरं आणखी दोन हजारांनी स्वस्त होती. ती का स्वस्त आहेत हे त्यांनी एजंटला न विचारता तिथल्या किराणा दुकानदाराला विचारलं. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूर दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. ते पाणी याच नदीचं. पूर्वेचा चौथा मजला त्यांनी त्यामुळे घेतला.

सुरुवातीचा एकरकमी खर्च असा: टेम्पो आणि हमाली १४,०००, एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं म्हणजे १३,०००, करार नोंदणी आणि किरकोळ ३,०००. जूनमध्ये दोनदा रात्रीची वीज गेली, लिफ्ट बंद, आजी घामाघूम. मग २२,००० चा इन्व्हर्टर आला. एकूण ५२,०००.

पुढचे चार महिने

बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. कल्याणच्या पुढे लोकलला स्वतंत्र रूळ नाहीत. पुण्याकडे जाणाऱ्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या त्याच दोन मार्गांवरून धावतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम एमयूटीपी ३ए या मुंबईच्या लोकल सुधारणा प्रकल्पात घेतलं आहे. ते होईपर्यंत एखादी एक्सप्रेस उशिरा आली की तिच्यामागे लोकल रखडणार. वेळापत्रकातला सव्वा-दीड तास हा सगळं सुरळीत असतानाचा असतो.

पत्नी पहाटे पाच दहाला घर सोडायची. शेअर रिक्षा, साडेपाचच्या सुमाराची बदलापूरहून सुटणारी लोकल, दादरला उतरून स्लो गाडीने परळ. संध्याकाळी दादरहून बदलापूर लोकल मिळाली तर ठीक, कर्जत किंवा खोपोली असेल तर आत शिरणंच मुश्कील. घरी पोचायला सहा. पहिले दोन आठवडे सेकंड क्लासने काढून तिने फर्स्ट क्लासचा पास घेतला.

आजी मुलीकडे बघतील, हे नियोजनातलं मुख्य गृहीतक जूनमध्येच कोसळलं. शाळा चालण्याच्या अंतरावर नव्हती, त्यामुळे व्हॅन लावावी लागली. एका दुपारी आजींना चक्कर आली आणि घरात त्या आणि मुलगी दोघीच होत्या. मुलीने खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावलं म्हणून निभावलं. त्याच बाई घरी पाळणाघर चालवतात. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळा सुटल्यावर तिकडे. केईएमची दर महिन्याची फेरी आजींना झेपेना, म्हणून जवळचा खासगी डॉक्टर धरला. तपासण्या आणि औषधं मिळून महिन्याला बाराशे रुपये वाढले. आणि रोज संध्याकाळी सहाला दमून आल्यावर कणीक मळायचं त्राण राहत नसे, म्हणून स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रावरून पोळ्या.

पावसाळ्याने दोन दिवस दाखवले. ८ जुलै २०२४ ला मुंबईत पहाटे सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि मध्य रेल्वे कोलमडली. पत्नी ठाण्यात अडकली, पगारातून खाडा गेला. दुसरा दिवस २० ऑगस्टचा. शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद राहिल्या. तो संताप तिचाही होता, तिची मुलगी त्याच वयाची. पण त्या संध्याकाळी ती परळला होती, नवरा साकीनाक्याला आणि मुलगी पाळणाघरात. अंबरनाथपर्यंत लोकल आणि पुढे मागतील तेवढे पैसे देऊन रिक्षा, असं करत ती उशिरा घरी पोचली. दोघांपैकी एक जण तरी मुलीपासून तासाभराच्या आत असला पाहिजे, ही अट त्या दिवसानंतर घरात पक्की झाली. घर बदलतानाच्या कागदावर ती कुठेच नव्हती.

हिशेब पुन्हा मांडला

सप्टेंबरमध्ये ती दोघं घरखर्चाचा हिशेब तपासून घ्यायला माझ्याकडे आली तेव्हा तक्रार वेगळीच होती: दरमहा साडेएकोणीस हजार शिल्लक पडायला हवेत, पडत नाहीत, पैसे जातात कुठे? पतीला वाटत होतं, आपला हात सैल झालाय.

नोंदी त्यांच्याकडे होत्या, फक्त एका जागी नव्हत्या. बँकेच्या नोंदी मोबाईलमध्ये आणि बाकी सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयवर. दुधाचे खाडे, व्हॅनवाल्याला दिलेले पैसे, पाळणाघराची सुट्टी, सारं त्या चौकोनांत पेनाने लिहिलेलं. पानं मागे उलटत गेलो तर मे पर्यंतच्या काही रविवारांवर एक छोटा 'ज' होता. विचारलं तर पत्नी म्हणाली, "जादा ड्युटी. महिन्याला तीन तरी मिळायच्या, अकराशे रुपये एकीचे." जूनपासून 'ज' नाही. रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद) असतो, आणि आठवड्यात एकच दिवस मुलगी जागी असताना भेटते. ही गेलेली मिळकत खर्चाच्या कुठल्याच यादीत दिसली नसती, कारण ती खर्च नाहीच.

हललेल्या ओळी तेवढ्या घेऊन महिन्याचा हिशेब असा निघाला:

| बाब | महिन्याचा फरक (रुपये) |
|---|---|
| भाड्यातली बचत | २१,००० |
| भाजीपाला थोडा स्वस्त | ५०० |
| सुटलेल्या डिपॉझिटवरचं व्याज | ६०० |
| रेल्वे पास | −१,५०० |
| शेअर रिक्षा | −२,२०० |
| शाळेची व्हॅन | −१,५०० |
| पाळणाघर | −४,००० |
| पोळी-भाजी आणि बाहेरचं खाणं | −२,४०० |
| वीज (मोठं घर) | −५०० |
| आजींचं औषधपाणी | −१,२०० |
| बुडालेल्या जादा ड्युट्या | −३,३०० |
| हाती राहिले | ५,५०० |

यात टँकर नाही, कारण उन्हाळा अजून यायचा होता. सुरुवातीचे ५२,००० धरले तर महिना साडेपाच हजारांच्या बचतीतून ते भरून यायला साडेनऊ महिने लागतात. करार अकरा महिन्यांचा. म्हणजे पहिल्या करारात निव्वळ फायदा जेमतेम आठ हजारांचा.

मग तास मोजले. पत्नीचे रोजचे सुमारे चार तास वाढले, पतीचा दीड तास. चोवीस कामाच्या दिवसांत दोघांचे मिळून १३२ तास. साडेपाच हजारांना भागले तर तासाला ४२ रुपये. पत्नीचा पगार तासावर काढला तर पावणेदोनशेच्या आसपास येतो. ही तुलना मी जपून करतो. लोकलमधला तास वाचला म्हणून कुणी पगार देत नाही, तेव्हा प्रत्येक तास पगाराच्या भावाने मोजणं ही फसवणूकच. पण तिच्या बाबतीत काही तासांना रोकड भाव होता, ते कालनिर्णयवरच दिसत होतं.

उलट बाजूही तितकीच खरी. ते परळचं वन आरके आणि बदलापूरचं टू बीएचके यांची तुलना करत होते. दुप्पट जागा, आजींना दार लावून झोपता येईल अशी खोली, मुलीला अभ्यासाचं टेबल. "आता पाहुणे आले तरी मला गादी उचलावी लागत नाही," हे आजींचं वाक्य पत्नीनेच मला सांगितलं. बदलापूरला त्यांनी ८-९ हजारांचं वन बीएचके घेतलं असतं तर बचत दहा हजारांच्या घरात गेली असती. वाचलेल्या पैशांतला एक भाग त्यांनी जागेवर खर्च केला होता आणि त्याबद्दल कुणालाच पश्चात्ताप नव्हता.

दुसरा निर्णय

परत परळला जाण्याचा खर्च बघितला. त्या भागात तशीच जागा आता ३६,००० ला होती आणि टेम्पो-दलाली पुन्हा. नवीन करारातून चार महिन्यांत बाहेर पडलं तर डिपॉझिटमधून एक महिना कापला जाणार होता. तो पर्याय बाद झाला.

उरला प्रश्न कामाच्या जागेचा. कल्याणच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये पत्नीसाठी जागा होती. हातात येणारा पगार ३४,००० ऐवजी २८,०००. ऐकताक्षणी पती नाही म्हणाला: बचत साडेपाच आणि पगार सहाने कमी, म्हणजे तोटाच. पण या नोकरीने ओळीच बदलत होत्या. ती साडेचारला घरी येणार, त्यामुळे पाळणाघर ४,००० वरून १,५०० वर. फर्स्ट क्लासचा लांबचा पास जाऊन कल्याणचा सेकंड क्लासचा, इथे ११०० वाचले. पोळ्या बहुतेक घरी, १,८०० वाचले. एकूण ५,४०० परत येतात. निव्वळ फरक महिन्याला ६०० रुपयांचा आणि तिचे महिन्याचे ६४ तास मोकळे.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. नोकरी बदलायचा विषय निघाला तेव्हा तो तिच्याच नोकरीचा निघाला. ठाणे-डोंबिवलीकडे अकाउंट्सच्या जागा काही कमी नसतात. मी विचारलं तेव्हा पती क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "माझी आत्ताच बढती झालीय." कारण खोटं नव्हतं. तिला मोठ्या रुग्णालयात मिळणारा अनुभव आणि पुढची वेतनवाढ मात्र कुणी ओळीत धरली नव्हती, तीही नाही. मी ती ओळ रक्कम न टाकता कागदावर लिहायला लावली. "पाच वर्षांनी बघू," असं तिने त्यापुढे लिहिलं.

राजीनामा लगेच द्यायचा की थांबायचं, हा यातला बारीक पण पैशाचा मुद्दा होता. ती परळच्या नोकरीत जानेवारी २०२० ला लागली होती. तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षं सेवा लागत होती. चार वर्षं आणि २४० दिवस पुरेत असं मानणारा न्यायालयीन निकाल आहे, तो दाखवून भांडता येतं. पण जिथून अनुभवाचं पत्र हवंय तिथे कोण भांडत बसणार? मूळ पगार २०,०००. त्याचे २६ दिवसांच्या महिन्यातले १५ दिवस, गुणिले पाच वर्षं, म्हणजे सुमारे ५७,७०० रुपये. चार महिने कळ काढायची की ही रक्कम सोडायची? कल्याणची जागा फेब्रुवारीपर्यंत थांबायला तयार झाली, म्हणून कळ काढायचं ठरलं. त्या चार महिन्यांसाठी पतीने आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. मागितलं की मिळालं. मे महिन्यात मागितलं असतं तर कदाचित तेव्हाही मिळालं असतं.

परिणाम

फेब्रुवारी २०२५ पासून पत्नी कल्याणला जाते. दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटं. ग्रॅच्युइटीची रक्कम आली आणि सुरुवातीचे ५२,००० त्यातून भरून निघाले. मुलीची आरडी चालू राहिली.

एप्रिल-मेमध्ये जीवन प्राधिकरणाचं पाणी कमी दाबाने येऊ लागलं. सोसायटीने टँकर लावले, घरटी महिन्याला ७०० रुपये. कराराच्या नूतनीकरणात भाडं १४,००० झालं. आजींची साखर आटोक्यात आहे, पण डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुन्हा परळच गाठावं लागलं. त्या वेळी दोन्ही बाजूंची टॅक्सी आणि पतीची रजा मिळून एका दिवसात महिन्याच्या बचतीचा मोठा भाग गेला.

महिन्याची शिल्लक आता साडेतीन-चार हजारांच्या आसपास असते. मूळ कागदावरच्या १९,५०० पुढे ती किरकोळ दिसते. पण ती खरीच शिल्लक असते आणि घरात दोन खोल्या जास्त आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी निसटलेली संधी कळव्याची होती असं माझं मत आहे. सप्टेंबरमध्ये तोही हिशेब कागदावर मांडून बघितला. भाडं २०,०००, म्हणजे १४,००० ची बचत. पास, व्हॅन, अर्धवेळ पाळणाघर आणि थोडं बाहेरचं खाणं मिळून साडेचारेक हजार वाढले असते. स्लो लोकल थेट परळला थांबते, त्यामुळे रविवारच्या जादा ड्युट्या आणि केईएम दोन्ही टिकलं असतं. अंदाजे साडेनऊ हजार शिल्लक, म्हणजे बदलापूरच्या पहिल्या मांडणीपेक्षा चार हजार जास्त, आणि पत्नीचे वाढीव तास निम्म्याहून कमी. आजींची स्वतंत्र खोली मात्र मिळाली नसती. हा सौदा त्यांना मान्य झाला असता की नाही ते त्यांनी ठरवायचं होतं. पण ठरवण्याआधी तो पर्याय कागदावर यायला हवा होता. दोन टोकांची तुलना करताना मधली स्टेशनं गळून पडतात, हे मी अनेक घरांत बघतो.

घर बघायला ते मेमधल्या दोन रविवारी दुपारी गेले. रविवारी दुपारची रिकामी लोकल बघून पहाटेच्या प्रवासाचा काय अंदाज येणार? करारावर सही करण्याआधी पत्नीने दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे बदलापूरला मुक्काम करून तिथून ड्युटीला जाऊन बघितलं असतं तर पोळी-भाजी आणि सहाची घरवापसी या दोन्ही ओळी मेमध्येच कळल्या असत्या. आजींच्या बाबतीतही तेच. त्यांच्या तब्येतीवर दुपारचं सगळं नियोजन उभं होतं, आणि "तुम्हाला एकट्यांना नातीकडे बघणं झेपेल का?" असं त्यांना सरळ कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या "हो" म्हणाल्या असत्या, हेही खरं. म्हणून हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवा होता.

घर विकत घेण्याचा विषय आता पुन्हा निघाला आहे, या वेळी पत्नीकडून. तिची यादी छोटी आहे: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) नोंदीत काय लिहिलंय, नळजोडणी कायम आहे की टँकरवर भागतं, आणि स्टेशनपर्यंत पायी किती मिनिटं. पतीची बदली ठाण्याच्या शाखेत होण्याची शक्यता आहे. ती पक्की होईपर्यंत टोकन द्यायचं नाही, एवढं दोघांचं ठरलंय. एजंटचे फोन चालूच आहेत.